सागरापलीकडचा संसार : माबोविच घराण्यातील तीन ताटातुटी

स्थलांतराचा इतिहास लिहिणारे बहुधा माणसे मोजतात. संसार मोजत नाहीत. बोटींच्या जुन्या याद्या पाहिल्या तर प्रत्येक उतारूची एकेक ओळ आढळते. नाव, वय, धंदा, जवळची रोकड, तिकिटाचे पैसे कोणी भरले, कोणाकडे जावयाचे, एवढा तपशील तीत असतो. एका यादीत नवऱ्याची ओळ आणि तीन वर्षांनंतरच्या दुसऱ्या यादीत त्याच्या बायकोची ओळ अशी असते. या दोन ओळींच्या मधल्या काळात त्या घरात काय घडले, हे मात्र कोणत्याही यादीत सापडत नाही. नोकरीच्या, सैन्याच्या वा व्यापाराच्या निमित्ताने ज्यांचे पूर्वज मूळ गाव सोडून दूर देशी स्थिरावले, अशा घराण्यांतील वाचकांना या मधल्या काळाचे मोल निराळे सांगावयास नको. आधी कर्ता पुरुष गेला आणि बिऱ्हाड मागाहून गेले, ही कथा अनेक कुळवृत्तांतांच्या पहिल्याच पानावर असते.

प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका ज्यू घराण्याचा विचार करणार आहोत. माबोविच हे त्याचे आडनाव. पुढे इस्रायलच्या पंतप्रधान झालेल्या गोल्डा मेयर या घराण्यातील, म्हणूनच त्याचा तपशील टिकून राहिला. परंतु गोल्डाबाईंचे राजकारण हा आमचा विषय नाही. त्यांचे आईवडील, त्यांची थोरली बहीण आणि त्या स्वतः, अशा एकाच घरातील तीन जोडप्यांवर परदेशी नवा संसार मांडताना ताटातुटीचा प्रसंग आला. तीनही वेळा कारण निराळे होते आणि तीनही वेळा शेवटही निराळा झाला. हे तीन संसार शेजारी ठेवून पाहिले असता एका मोठ्या स्थलांतराचे अंतरंग उलगडते, असे आम्हांस वाटते.

गाव सुटण्याची कारणे

रशियन साम्राज्यातील ज्यूंना देशात वाटेल तेथे राहण्याची मुभा नव्हती. अठराव्या शतकाच्या अखेरीस, सम्राज्ञी कॅथरीनच्या काळात, साम्राज्याच्या पश्चिम भागात त्यांच्यासाठी वस्तीची मर्यादा आखण्यात आली आणि एकोणिसावे शतक सरले तरी ती कायम होती. १८९७ च्या खानेसुमारीत साम्राज्यात सुमारे ५२ लाख ज्यू मोजले गेले. त्यांतील शंभरात नव्वदांहून अधिक या मर्यादेच्या आत दाटीवाटीने राहत होते. मार्च १८८१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर याचा खून झाला, त्यानंतर दक्षिणेकडील गावांत ज्यूंच्या घरादुकानांवर हल्ले सुरू झाले, आणि १८८२ च्या मे महिन्यातील नियमांनी त्यांना खेड्यांत नव्याने वस्ती करण्यासही बंदी केली. १९०३ च्या एप्रिलमध्ये किशिनेव्ह येथे ४९ ज्यू मारले गेले. भीती होतीच, पण तिच्याइतकेच दारिद्र्यही होते. शिंपी, चांभार, सुतार, फेरीवाले एका गल्लीत इतके झाले की एकमेकांचेच गिऱ्हाईक ओढल्यावाचून कोणाचे पोट भरेना. १८८१ ते १९१४ या काळात पूर्व युरोपातील सुमारे २० लाख ज्यू अमेरिकेस गेले, ते या दुहेरी रेट्याने.

या स्थलांतराचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे. त्या काळी इटलीसारख्या देशांतून अमेरिकेस जाणारे पुष्कळसे पुरुष चार पैसे गाठीस बांधून गावी परतण्याच्या हिशेबाने जात. ज्यू मात्र परतण्यासाठी जात नसत. १८९९ ते १९१० या काळात आलेल्या ज्यूंमध्ये शंभरात सुमारे ४३ स्त्रिया होत्या आणि साधारण चतुर्थांश चौदा वर्षांखालील मुले होती. म्हणजे अखेरीस सारे घरच उचलून न्यावयाचे होते. परंतु साऱ्या घराच्या भाड्याचे पैसे एकदम कोणापाशी असणार? बोटीच्या तळाकडील वर्गाचे एका माणसाचे तिकीट विसाव्या शतकाच्या आरंभी तीस-पस्तीस डॉलरच्या घरात होते; शिवाय सीमा ओलांडून देणाऱ्या दलालाची दक्षिणा वेगळी. तेव्हा घरातील एक जण, बहुधा नवरा, पुढे जाई, मिळेल ते काम करी, पोटाला चिमटा घेऊन डॉलर साठवी आणि मग तिकीट धाडी. १९१४ पूर्वीच्या वर्षांत आलेल्या निम्म्याहून अधिक ज्यूंची तिकिटे आधी गेलेल्या नातलगांनीच काढलेली होती. ताटातूट हा या स्थलांतरातील अपघात नव्हता. ती त्याची रीतच होती.

मोशे आणि ब्लुमा

मोशे माबोविच हे सुतार. पत्नी ब्लुमा पिन्स्कची. कीव्ह शहर वस्तीच्या मर्यादेबाहेर मोडे. पण कुशल कारागीर म्हणून परवाना मिळवून मोशे तेथे राहत होते. कारागिरी होती, काम मात्र नव्हते. या दांपत्याला आठ मुले झाली, त्यांतील पाच तान्हेपणीच गेली. शेना, गोल्डा आणि त्सिप्के या तीन मुली तेवढ्या जगल्या. गोल्डाचा जन्म ३ मे १८९८ चा. हल्ला होणार अशी आवई उठली असता वडील दारावर फळ्या ठोकीत आहेत, ही त्यांची सर्वांत जुनी आठवण होती. हल्ला त्या दिवशी झाला नाही. पण सुताराच्या हातातील फळी संसाराच्या उपयोगी न पडता दार बंद करण्याच्या उपयोगी पडली, हे चित्र मुलीच्या मनातून गेले नाही.

१९०३ मध्ये मोशे एकटेच अमेरिकेस निघाले. ब्लुमा तीन मुलींना घेऊन पिन्स्कला माहेरी आल्या. ठरले होते ते एवढेच, की पैसे जमले की बोलावणे येईल. मोशे न्यूयॉर्कमध्ये उतरले, तेथे नीट जम बसला नाही, म्हणून आणखी आत मिलवॉकी शहरी गेले आणि रेल्वेच्या कारखान्यात कामास लागले. इकडे पिन्स्कमध्ये थोरली शेना चळवळीच्या गुप्त बैठकांना जाऊ लागली. घर पोलीस ठाण्याच्या जवळ. पकडून आणलेल्या तरुणांच्या किंकाळ्या घरात ऐकू येत आणि ब्लुमाच्या पोटात गोळा उठे. नवरा समुद्रापार, मुलगी तुरुंगाच्या दाराशी, आणि निर्णय घेणारी एकटी बाई! अधिक थांबणे शक्य नाही असे त्यांनी नवऱ्यास कळविले आणि १९०६ मध्ये त्या निघाल्या.

प्रवास खोट्या कागदपत्रांवर झाला. मायलेकींनी रात्री सीमा ओलांडून गॅलिशियात प्रवेश केला. दलालांना पैसे चारावे लागले, सामान वाटेत हरवले. व्हिएन्नामार्गे अँटवर्प, तेथून बोटीने कॅनडातील क्विबेक, आणि पुढे आगगाडीने मिलवॉकी. फलाटावर जो गृहस्थ उभा होता त्यास दाढी नव्हती. तीन वर्षांपूर्वी गेलेला पिता मुलींना परका वाटला, आणि बायकोमुलींचा जुन्या मुलखातील वेष मोशेंना परका वाटला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी साऱ्यांना एका मोठ्या दुकानात नेऊन अमेरिकन पद्धतीचे कपडे घेतले. धाकट्या गोल्डास त्या साऱ्याची मौज वाटली. सतरा वर्षांच्या शेनाने मात्र वडिलांनी निवडलेली हॅट घालण्याचे साफ नाकारले आणि बापलेकीत जे बिनसले ते पुढे वर्षानुवर्षे निस्तरत राहिले.

हा प्रसंग क्षुल्लक नाही. मोशे तीन वर्षे अमेरिकेत बदलत होते. घरचे लोक त्याच तीन वर्षांत पिन्स्कमध्ये निराळ्या दिशेने बदलत होते. पत्रातून खुशाली कळते, हा बदल कळत नाही. आपण गेलो तेव्हा जसे होते तसेच घर आपल्याला परत मिळेल, असे गेलेला समजून चालतो. आणि गेला तोच माणूस आपल्याला भेटेल, असे राहिलेले समजून चालतात. दोघांचाही समज खोटा ठरतो.

ब्लुमाबाईंनी काय केले? इंग्रजीचा गंध नसताना काही आठवड्यांतच त्यांनी किराणा-दुधाचे लहानसे दुकान थाटले. मोशेंना हे रुचले नाही, त्यांनी दुकानात मदत करण्याचे नाकारले. बायको सकाळी माल आणावयास बाजारात जाई तेव्हा आठनऊ वर्षांची गोल्डा गल्ल्याशी उभी राही आणि तिला शाळेस उशीर होई. आम्हांस या दुकानात त्या तीन वर्षांचाच परिणाम दिसतो. नवऱ्याच्या मागे जिने तीन मुली सांभाळल्या, सीमा ओलांडली, दलालांशी घासाघीस केली, ती बाई पुन्हा केवळ नवऱ्याच्या मिळकतीकडे डोळे लावून बसणे शक्य नव्हते. संसार पुन्हा जुळला, पण जुन्या मापाने नव्हे. वीस वर्षांनी, १९२६ मध्ये, हेच वृद्ध दांपत्य पॅलेस्टाइनला गेले आणि हर्झलिया येथे राहिले. आयुष्यातील हा दुसरा समुद्र मात्र त्यांनी एकत्र ओलांडला. मोशे १९४४ मध्ये वारले, ब्लुमा १९५१ मध्ये.

ज्यांचे नवरे सापडले नाहीत

मोशेंनी तिकीट धाडले. बहुतेकांनी धाडले, हे आधी सांगितले पाहिजे. परंतु ज्यांनी धाडले नाही, त्यांच्या बायकांचे काय झाले, हे पाहिल्यावाचून ब्लुमाच्या तीन वर्षांतील जोखीम कळत नाही.

आपल्याकडे नवऱ्याने सोडलेल्या बाईस ‘टाकलेली’ म्हणत. ग्रांथिक शब्द परित्यक्ता. ज्यू धर्मशास्त्रात यासाठी ‘आगुना’ असा शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ बांधलेली, नांगर टाकून जखडलेली. फरक ध्यानात घ्यावा. ‘टाकलेली’ हा शब्द नवऱ्याने काय केले ते सांगतो. ‘आगुना’ हा शब्द कायद्याने तिचे काय झाले ते सांगतो. ज्यू विवाह मोडावयाचा तर नवऱ्याने आपल्या इच्छेने ‘गेट’ नावाचा घटस्फोटलेख पत्नीच्या हाती दिला पाहिजे. हा लेख त्या विशिष्ट जोडप्यासाठीच लिहिलेला असावा लागतो. त्यात गावाचे नाव येते, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. न्यायाधीश किंवा रब्बी तो नवऱ्याच्या वतीने परस्पर देऊ शकत नाही. नवरा बेपत्ता असेल आणि त्याच्या मृत्यूचाही पुरावा नसेल, तर कितीही वर्षे लोटली तरी ती स्त्री विवाहितच राहते. तिने पुन्हा संसार मांडला तर त्या संततीवर असा डाग लागतो की पिढ्यान्‌पिढ्या तिला समाजात सोयरीक मिळणे दुरापास्त होते.

शास्त्री निर्दय होते असे मात्र समजू नये. पुराव्याच्या बाबतीत एरवी दोन साक्षीदारांचा आग्रह धरणाऱ्या या शास्त्राने आगुनेसाठी एकाच साक्षीवर नवऱ्याचा मृत्यू मान्य करण्याची सवलत प्राचीन काळीच दिली. लिथुआनियातील कोव्हनोचे रब्बी यित्झ्हाक एल्हानान स्पेक्टर (१८१७–१८९६) अशा स्त्रियांना मोकळे करण्याची वाट शोधून काढण्यासाठीच विख्यात होते. पण नवरा जिवंत आहे आणि न्यूयॉर्कच्या लाखोंच्या गर्दीत नाव बदलून राहत आहे, यावर कोणत्याही रब्बीपाशी उपाय नव्हता. पूर्वी तो पळाला तर शेजारच्या जिल्ह्यात सापडे. हिब्रू वृत्तपत्रांतून त्याच्या वर्णनासह जाहिराती येत. मध्ये महासागर आला आणि जुनी व्यवस्था लंगडी पडली.

मग नव्या जगाने नवी व्यवस्था काढली. न्यूयॉर्कमध्ये १८९७ साली सुरू झालेले ‘फोरवर्ट्स’ हे यिद्दिश दैनिक अब्राहम काहान यांच्या संपादकत्वाखाली घरोघरी वाचले जाऊ लागले. १९०६ पासून त्यात वाचकांची घरगुती गाऱ्हाणी आणि त्यांवरील संपादकांची उत्तरे छापली जाऊ लागली. पुढे त्याच पत्रात बेपत्ता नवऱ्यांची छायाचित्रे ‘चित्रशाळा’ अशा मथळ्याखाली येऊ लागली. खाली नाव, वय, धंदा, अंगावरील खुणा आणि मागे राहिलेल्या मुलांची संख्या. वाचकांनी चेहरा ओळखून कळवावे, एवढेच आवाहन. न्यूयॉर्क राज्याने १९०५ मध्ये लहान मुलांना टाकून जाणे हा गंभीर गुन्हा ठरविला, त्यामुळे पळालेल्या बापास दुसऱ्या राज्यातून धरून आणणे शक्य झाले. १९११ मध्ये ज्यू धर्मादाय संस्थांनी या एकाच कामासाठी स्वतंत्र कचेरी काढली. ‘नॅशनल डेझर्शन ब्यूरो’ हे तिचे नाव. गावोगावच्या संस्थांशी पत्रव्यवहार करून ती नवऱ्यांचा माग काढी, तडजोड घडवी, न जमल्यास पोटगीसाठी न्यायालयात खेची आणि गरज पडल्यास ‘गेट’ मिळवून देण्याचीही खटपट करी. तिची हजारो प्रकरणे आज संशोधकांना उपलब्ध आहेत. त्यांत पुरुषांच्या पळण्याइतकाच स्त्रियांचा चिवट पाठपुरावा दिसतो: शहरामागून शहर, पत्त्यामागून पत्ता.

पुरुष का पळत? बेकारी, आजार, मिळकतीचे अपयश, दुसऱ्या बाईचा नाद, अशी कारणे नोंदविलेली आहेत. काहान यांनी स्वतः १८९६ मध्ये ‘येकल’ या लघुकादंबरीत याचे मर्म दाखविले होते. तिचा नायक आधी येतो, ‘जेक’ होतो, नाचगाण्याच्या क्लासात रमतो. तीन वर्षांनी बायको गिट्ल येते तेव्हा तिच्या डोक्यावरील जुन्या चालीच्या वेषाची त्यास लाज वाटते. अखेर तो घटस्फोट घेतो. पण सुटका झाल्यावरही आपणच हरलो असे त्यास वाटत राहते. या कथेवर जोन मिकलिन सिल्व्हर यांनी १९७५ मध्ये ‘हेस्टर स्ट्रीट’ हा चित्रपट काढला. मिलवॉकीच्या फलाटावरील मोशे आणि न्यूयॉर्कमधील येकल यांच्यासमोर उभा असलेला क्षण एकच होता: कालची बायको आजच्या डोळ्यांनी पाहण्याचा. एकाने तिला दुकानात नेऊन नवे कपडे घेतले, दुसऱ्याने घटस्फोटाचे कागद केले.

ज्यांनी तिकीट धाडण्यास उशीर केला त्यांच्यापुढे इतिहासाने आणखी भिंती उभ्या केल्या. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले आणि टपालही बंद पडले. युद्ध संपते न संपते तोच अमेरिकेने १९२१ व १९२४ च्या कायद्यांनी देशवार वाटे ठरविले. १९२४ नंतर साऱ्या पोलंडमधून वर्षाला ५,९८२ माणसांनाच प्रवेश होता, आणि त्यांत ज्यूंनाच नव्हे तर साऱ्यांनाच जागा हवी होती. नागरिक झालेल्याची बायको या वाट्याबाहेर येऊ शके; पण नागरिकत्वासाठी पाच वर्षे राहावे लागे, आणि जो नागरिक नव्हता त्याच्या बायकोस रांगेत उभे राहावे लागे. तेथे नवरा प्रामाणिक असूनही संसार तुटत.

शेना आणि शामाय

दुसरे जोडपे शेना आणि शामाय कोर्नगोल्ड यांचे. दोघे पिन्स्कच्या चळवळीतील सोबती. तोही तिच्यामागे अमेरिकेस आला. शेनास क्षय झाल्याने ती डेन्व्हरच्या आरोग्यधामात होती, तेथेच पुढे दोघांनी संसार मांडला. १९२१ मध्ये गोल्डा पॅलेस्टाइनला निघाली तेव्हा शेनानेही अचानक जाण्याचा निर्धार केला. दोघांनी एकदम जावे एवढी ऐपत नव्हती. तेव्हा ठरले ते असे, की शेनाने मुलांना घेऊन पुढे जावे आणि शामायने अमेरिकेत राहून पैसे धाडावेत.

येथे वीस वर्षांपूर्वीचा क्रम उलटा झालेला दिसतो. १९०३ मध्ये बाप पुढे गेला आणि बायकामुले मागे राहिली. १९२१ मध्ये त्याच घरातील मुलगी मुलांसह पुढे गेली आणि नवरा मागे राहिला. ज्या बंदरांत नुकत्याच दंगली झाल्या होत्या, अशा मुलखात दोन मुलांसह पतीवाचून जाणे हे साहसच होते. शामाय काही वर्षांनी तेथे पोहोचला आणि संसार पुन्हा एकत्र आला. या जोडप्याविषयी फार लिहिले गेलेले नाही, कारण येथे नाट्य घडले नाही. एकाने दिलेला शब्द दुसऱ्याने पाळला, एवढेच घडले. परंतु लाखो संसार ज्या एका गोष्टीवर तगले ती हीच होती, हे विसरून चालणार नाही.

गोल्डा आणि मॉरिस

तिसरे जोडपे सर्वांत निराळे. यांनी समुद्र बरोबरीने ओलांडला आणि पलीकडे पोहोचल्यावर ते दुरावले.

शिक्षणास विरोध आणि लग्नाचा आग्रह यांमुळे किशोरवयीन गोल्डा घर सोडून डेन्व्हरला शेनाकडे गेली होती. तेथे तिला मॉरिस मेयरसन भेटला. दुकानांच्या पाट्या रंगविण्याचा त्याचा धंदा, पण जीव संगीतात आणि काव्यात. ती सभेत रमणारी, तो मैफलीत. गोल्डास पॅलेस्टाइनला जाऊन राहावयाचे होते. मॉरिसला त्या स्वप्नाची ओढ नव्हती, त्याला गोल्डाची ओढ होती. बरोबर येण्याच्या बोलीवर २४ डिसेंबर १९१७ रोजी मिलवॉकीत लग्न झाले. लग्नानंतर लवकरच पक्षाच्या कामासाठी ती दौऱ्यावर निघाली, तेव्हा नव्या नवरीने घर सोडून हिंडावे याचा मोशेंना संताप आला. चौदा वर्षांपूर्वी बायकोस मागे ठेवून आपण गेलो, हे मात्र त्यांच्या दृष्टीने निराळे होते!

२३ मे १९२१ रोजी ‘पोकाहाँटस’ बोटीने ही मंडळी न्यूयॉर्कहून निघाली. बोटीची यंत्रे नादुरुस्त, खलाशांचे बंड, नेपल्सपर्यंत पोहोचतानाच सारे जेरीस आले. जुलैच्या मध्यास ती तेल अवीवला पोहोचली. दोघांनी इझ्रेलच्या खोऱ्यातील मेरहाविया या सामुदायिक वसाहतीत प्रवेश मागितला. अमेरिकन मुलगी कष्टास टिकणार नाही म्हणून आरंभी नकार मिळाला, मग परीक्षेपुरते घेतले. त्यांच्या सामानात ग्रामोफोन आणि तबकड्या होत्या; त्या वसाहतीला आवडल्या. गोल्डा कोंबड्यांच्या खुराड्यापासून स्वयंपाकघरापर्यंत सर्वत्र रमली. मॉरिसला खासगी कोपरा हवा होता आणि त्या वसाहतीत कोपराच नव्हता. मुले सामुदायिक बालगृहात वाढावीत हे त्यास मान्य नव्हते. मलेरियाने तो खंगला. अखेर त्याच्यासाठी गोल्डाने मेरहाविया सोडले.

पुढची वर्षे जेरुसलेममधील. १९२४ मध्ये मुलगा मेनाहेम आणि १९२६ मध्ये मुलगी सारा जन्मास आली. मॉरिस सरकारी नव्हे, कामगार संघटनेच्या बांधकाम कंपनीत हिशेब लिहिण्याचे काम करी, आणि पगार पुष्कळदा रोखीने न मिळता चिठ्ठ्यांच्या रूपाने मिळे. दूधवाला व वाणी त्या पूर्ण किमतीस घेत नसत. मुलाच्या बालवाडीची फी भरण्यास पैसे नाहीत म्हणून गोल्डा त्या बालवाडीचे कपडे धूत असे. दारिद्र्यापेक्षाही आपण ज्यासाठी आलो ते काम सोडून चार भिंतींत बसलो आहोत, या जाणिवेने ती झुरत होती. १९२८ मध्ये कामकरी स्त्रियांच्या मंडळाचे चिटणीसपद पुढे आले आणि ती मुलांना घेऊन तेल अवीवला गेली. मॉरिस जेरुसलेममध्ये राहिला. आठवड्याच्या सुट्टीस येऊ लागला. १९३० च्या दशकाच्या अखेरीस दोघे उघडपणे विभक्त झाले. कायद्याने घटस्फोट मात्र त्यांनी कधीच घेतला नाही.

मॉरिस १९५१ च्या मे महिन्यात गोल्डाच्या तेल अवीवमधील घरी वारला. ती त्या वेळी मजूरमंत्री होती आणि परदेशी दौऱ्यावर होती. अंत्यविधीसाठी ती परतली. १९५६ मध्ये परराष्ट्रमंत्री झाल्यावर तिने ‘मेयरसन’ हे आडनाव हिब्रू वळणाने ‘मेयर’ केले, तरी ते नाव मॉरिसचेच राहिले. १९६९ ते १९७४ ती पंतप्रधान होती. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात तिने मॉरिसला दोष दिलेला नाही; त्याला हवी तशी पत्नी आपण होऊ शकलो नाही, याची खंत तिने मोकळेपणाने मांडली आहे.

या दोघांना कोणी टाकले? कोणीच नाही. तो तिच्यासाठी आपल्या मनाविरुद्ध दोन खंड ओलांडून आला. ती त्याच्यासाठी आपल्या मनाविरुद्ध वसाहत सोडून आली. दोघांनी एकमेकांसाठी दिलेली किंमत खरी होती. पण एकाच्या दृष्टीने नवा देश हे ध्येय होते आणि दुसऱ्याच्या दृष्टीने ते बायकोचे सासर होते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. समुद्राने मोशे आणि ब्लुमाला तीन वर्षे दूर ठेवले, तरी ते जुळले. मॉरिस आणि गोल्डा एका खोलीत राहूनही जुळले नाहीत. तेव्हा अंतर मैलांत मोजण्याची आपली सवय येथे उपयोगी पडत नाही.

मराठी बोलणाऱ्यांपर्यंत आलेला धागा

विवाह आणि स्थलांतर यांची ही गुंतागुंत मराठी भाषिक ज्यूंपर्यंतही येऊन भिडली. कोकणातील बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते की, नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. त्यांच्यापासून हा समाज वाढला. उगमकथेतच वाचलेल्या जोडप्यांची मोजदाद करणारा हा समाज! १९४८ नंतर त्यातील बहुसंख्य कुटुंबे हळूहळू इस्रायलला गेली.

तेथे विवाह आणि घटस्फोट हे विषय १९५३ च्या कायद्याने धार्मिक न्यायालयांकडे सोपविलेले होते. शतकानुशतके मुख्य प्रवाहापासून दूर राहिलेल्या या समाजात ‘गेट’ शास्त्रोक्त रीतीने दिले जात होते काय, अशी शंका काही रब्बींनी काढली. आणि १९६२ मध्ये मुख्य रब्बी-पीठाने बेने इस्रायल वधूवरांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचे निर्देश दिले. म्हणजे पणजीला घटस्फोट कसा मिळाला होता, याचा पुरावा पणतीच्या लग्नात मागितला जाऊ लागला. रेवदंडा-पनवेलच्या जुन्या घरांतून असे कागद कोठून आणावेत? समाज उभा राहिला. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणे धरण्यात आले, ऑगस्टमध्ये संसदेने या समाजाच्या पूर्ण बरोबरीचा ठराव केला आणि रब्बी-पीठास आपला निर्देश बदलावा लागला. त्या सरकारात गोल्डा मेयर परराष्ट्रमंत्री होत्या. न्यूयॉर्कच्या आगुनेला जखडणारा आणि अलिबागकडील नवरीस अडविणारा नियम मुळात एकच होता, हे येथे लक्षात यावे.

समारोप

स्थलांतराच्या यशाच्या कथा आपण कौतुकाने सांगतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या यशाचा आरंभ बहुधा एका वाट पाहणाऱ्या घरात झालेला असतो. शेनाशामायचा संसार पाळलेल्या शब्दावर तगला. मोशेब्लुमाचा संसार एकमेकांच्या बदललेल्या रूपास जागा करून दिल्यामुळे तगला. गोल्डामॉरिसचा संसार, दोघेही चांगले असूनही, दोन निराळ्या इच्छांमध्ये विरून गेला. आणि ज्या बायकांचे चेहरे कोणत्याही आत्मचरित्रात आले नाहीत, त्यांच्या नवऱ्यांचे चेहरे तेवढे एका वर्तमानपत्राच्या पानावर राहिले.

आपल्या घराण्यांच्या वंशावळी लिहिणारे उत्साही संशोधक आज गावोगावी आहेत. मूळ पुरुष अमुक साली अमुक संस्थानात आला, अशी नोंद ते आवर्जून करतात. त्याच ओळीत, त्याचे कुटुंब किती वर्षांनी आले, मधल्या काळात ते कोणाच्या आधारावर राहिले आणि कोणी आलेच नाही काय, हेही त्यांनी विचारून ठेवावे. सांगणारी माणसे असेपर्यंतच हे प्रश्न विचारता येतात.